गोळी कोणती द्यायची ते शिकवू नका, सर

पत्र :

आदरणीय सिस्टर,

मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. यंदा मुख्याध्यापकांनी नववीचा शनिवारचा एक तास 'आरोग्य कौशल्ये' म्हणून माझ्या गळ्यात घातला आहे. गेल्या वर्षी प्रथमोपचाराचा तक्ता लावून त्रिकोणी पट्टी बांधायला शिकवली. मुलं हसली आणि विसरली. एका मुलीनं मध्येच विचारलं, "सर, आजीला रात्री चक्कर येते, तेव्हा कुठली गोळी द्यायची?" मला उत्तर देता आलं नाही. पालक म्हणतात, पुढच्या वर्षी दहावी आहे, हे कशाला? मुलांच्या हातून काही भलतंच झालं तर जबाबदारी कोणाची, ही धास्ती वेगळीच. मुलींच्या अडचणींवर मी पुरुषानं कसं बोलावं, हेही कळत नाही. नक्की काय शिकवू?

— एक शिक्षक

उत्तर :

नमस्कार सर,

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर "कुठलीच गोळी नाही" हे आहे. पण तेवढं सांगून तिला खाली बसवलं असतं तर ती पुन्हा कधी काही विचारायला उठली नसती. गोळी नाही, मग रात्री दोन वाजता करायचं काय? तुमचा वर्षभराचा अभ्यासक्रम या एका प्रश्नात आहे.

तुमच्या वर्गातल्या कितीतरी घरांत बाप मुंबईला, आई शेतात नाहीतर काजूच्या कारखान्यात, आणि घरी आजी-आजोबा असणार. आजीच्या गोळ्यांच्या पाकिटावरचं वाचता येणारं घरातलं एकमेव माणूस म्हणजे तुमची नववीतली विद्यार्थिनी. ती आजारी माणसाची काळजी आजही घेतेच आहे, फक्त कोणी न शिकवता. म्हणून पहिल्या शनिवारी तक्ता गुंडाळून ठेवा आणि मुलांना वहीत एवढंच लिहायला सांगा : घरात कोण कोण आहे, रोज गोळी कोण घेतं, कशासाठी घेतं. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक मुलं अडतील. पुढच्या आठवड्यात घरी विचारून येतील, आणि तिथून तास आपोआप सुरू होईल.

आता ती चक्कर. आजी उठताना चक्कर येते की बसल्याजागी? झटकन उभी राहिली म्हणून आली असेल तर आडवं करा, पाय थोडे वर, नंतर आधी बसवा आणि मग सावकाश उठवा. जेवली होती का? मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेते का? घेत असेल, अंगाला दरदरून घाम असेल, हात थरथरत असतील, असंबद्ध बोलत असेल, तर रक्तातली साखर उतरलेली असू शकते. शुद्धीवर असेल आणि नीट गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजा. पंधरा मिनिटांत हुशारी आली नाही तर पुन्हा तेवढीच द्या आणि दवाखान्याची तयारी करा. शुद्ध नसेल तर तोंडात थेंबही घालायचा नाही. ते पाणी फुफ्फुसात जातं.

आणि तिसरं : आजीला हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, एखादं वाक्य म्हणायला सांगा. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात खाली गेला, जीभ जड झाली, तर तो अर्धांगाचा झटका समजायचा. मुलीनं घड्याळात बघून वेळ लिहून ठेवायची : आजी धड कधी होती, हे कधी सुरू झालं. रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, तेही मेंदूचा सीटी स्कॅन काढून. "सकाळी उठवेपर्यंत बघू या" म्हटलं की ती वेळ संपलीच. ही वेळ मुलीनं नोंदवलेली असली तर डॉक्टर तिचे पाय धरायचे बाकी ठेवतील.

हे एकदा सांगून भागत नाही. वर्गात एकीला आजी करा, एकाला नातू. आजीनं तोंड वाकडं करून बसायचं. मुलं हसतील तर हसू द्या, हसताना पाहिलेलं लक्षात राहतं.

माझा आग्रह आहे की पहिले दोन महिने मुलांना फक्त मोजायला शिकवा. नाडी, श्वास, ताप. तुम्ही विज्ञानाचे शिक्षक आहात, हे तुमच्या हातचंच आहे. नाडी बघायला सांगितली की निम्मा वर्ग अंगठा लावतो, आणि अंगठ्याला स्वतःचेच ठोके जाणवतात. तर्जनी आणि मधलं बोट, मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी, हलकंच. जोरात दाबलं की नाडी हरवते. पहिल्या खेपेला दहा जण तरी "सर, ह्याला नाडीच नाही" म्हणून ओरडतील. बसलेल्या माणसाची मिनिटाला साठ ते शंभर. मैदानाला एक फेरी मारून आल्यावर पुन्हा मोजा, आलेख काढा. डिजिटल थर्मामीटर काखेत नीट दाबून, पिप वाजेपर्यंत. हात लावून "अंग कोमट आहे" सांगणं आणि "१०२ आहे, दुपारपासून" सांगणं यात फोनच्या पलीकडच्या डॉक्टरला काय फरक पडतो, ते त्यांना समजावून सांगा.

श्वास मोजणं लोकांना क्षुल्लक वाटतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या फारशा न शिकलेल्या बायकांना तान्ह्या बाळाचे श्वास मोजायला शिकवलं, त्यावरून न्यूमोनिया ओळखायला शिकवलं, आणि घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेऊन बालमृत्यू किती खाली आणता येतात ते दाखवलं. १९९९ साली ते काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि पुढे देशभरच्या आशा सेविकांच्या प्रशिक्षणात गेलं. त्या बायकांना जमलं ते नववीच्या मुलांना न जमायला काय झालं? बाळ शांत किंवा झोपलेलं असताना, झबलं वर करून, पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणायचं नाही, कारण लहान मुलाचा श्वास सारखा चालत नाही. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, तर खोकल्याचं बाळ त्याच दिवशी दवाखान्यात. तीन आकडे. पाढ्यांसारखे पाठ करून घ्या.

जुलाब झाल्यावर पाजायचं मीठ-साखरेचं पाणी, म्हणजे ओआरएस, हीही करून बघायची गोष्ट आहे, लिहून घ्यायची नव्हे. पाकीट एक लिटरचं असेल तर ते अख्खं एक लिटर पाण्यातच घालायचं. अर्धं पाकीट अर्ध्या तांब्यात, बाकीचं उद्याला, असं करू नये. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. घरचे चमचे आणायला लावा, बघा किती मापाचे निघतात. प्रत्येकानं चव घ्यायची. डोळ्यातल्या पाण्याहून खारट लागलं तर ओतून द्यायचं. दुकानातल्या खोक्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, हेही याच तासाला सांगून टाका. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, कॉलरा पसरला तेव्हा सलाईन पुरेना. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी पिंपांत हे पाणी कालवून ठेवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला लावलं. मृत्यू भराभर कमी झाले. पाजणारे हात घरच्यांचे होते, डॉक्टरांचे नव्हेत. तुमच्या पालकांना हे जरूर सांगा.

आता तुमच्याकडचं खरं दुखणं. साप.

तुमच्या कातळावर, जांभ्याच्या दगडाखाली, काजूच्या वाळक्या पाल्यात फुरसं असतं हे मुलांना तुमच्याहून जास्त माहीत आहे. पान लागलं, म्हणजे साप चावला, की घरात जे होतं तेही माहीत आहे : वर घट्ट दोरी, ब्लेडनं चीर, मंत्र, मिरची खायला देऊन तिखट लागतं का बघणं. तुम्ही अडवायच्या आहेत त्या याच गोष्टी. फुरसं आणि घोणस यांच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं. चीर दिली तर ते वाहतच राहतं, आणि दोरी बांधली तर पाय सडायची वेळ येते. मण्यारीचं उलट. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, सूज नाही, सकाळी पोटात दुखतं आणि पापण्या जड होतात. घरचे म्हणतात अपचन झालं. अंथरुणावरून उठलेल्या माणसाच्या पापण्या मिटायला लागल्या, तर खूण दिसो न दिसो, रुग्णालय गाठायचं.

करायचं इतकंच : माणसाला धीर द्यायचा, अंगठी, बांगड्या, पैंजण लगेच काढायचे कारण सूज येणार, हातपाय हलणार नाही असा फळीला सैलसर बांधायचा, आणि चालू द्यायचं नाही. साप शोधत बसायचं नाही. आपल्याकडचं प्रतिविष, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच चालतं, त्यामुळे साप मारून पिशवीत घालून आणायची गरजच नाही. (आणतात. पिशवीतून तो जिवंत निघाल्याचंही मी पाहिलंय.) मुलांना एक गंमत सांगा : लहान मुलालाही प्रतिविषाचा डोस मोठ्या माणसाइतकाच लागतो, कारण समोरचा लहान आहे म्हणून साप विष कमी सोडत नाही.

विंचवाचंही थोडक्यात सांगा. लाल विंचू चावल्यावर नुसती आग होत असेल तर वेगळं, पण घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर हृदयावर परिणाम सुरू झालाय. तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी याच रुग्णांवर प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध वापरून दाखवलं. त्याआधी अशी धडधाकट पोरं हातात दगावत. औषध दवाखान्यात मिळतं, मुलांनी फक्त घाम ओळखायचा.

"चालू द्यायचं नाही" असं मी लिहिलं खरं, पण तुमच्याकडे वाडीपासून रस्त्यापर्यंत पाखाडी असते, शंभरेक पायऱ्या. १०८ ची गाडी खाली उभी राहते. तेव्हा माणूस खाली न्यायचा कसा, हा तुमच्या शाळेपुरता सगळ्यात महत्त्वाचा धडा आहे आणि तो कुठल्याच तक्त्यात नसतो. दोन बांबू आणि एक घोंगडी किंवा जाड चादर. एक बांबू चादरीच्या एक तृतीयांशावर ठेवून ती कड त्यावरून दुमडायची, दुसरा बांबू त्या दुमडीवर ठेवून उरलेली चादर उलटी आणायची. माणसाच्या वजनानेच ती घट्ट बसते. चौघांनी उचलायचं, एकानं आवाज द्यायचा, उतरताना पाय पुढे, डोकं मागे आणि वर. आधी रिकामी डोली नेऊन बघा, मग वर्गातलं सगळ्यात हलकं पोर, आणि शेवटी तुम्ही स्वतः झोपा. सर डोलीत म्हटल्यावर मुलं हा तास जन्मात विसरणार नाहीत. पाठीला किंवा मानेला मार असेल तर मात्र माणूस जागचा हलवायचा नाही, गाडीतल्या लोकांना वर बोलवायचं.

फोन करणंही शिकवावं लागतं. आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात असताना मी पाहायची, लोक घाबरून "लवकर या" म्हणत आणि फोन ठेवून देत. मुलांनी क्रमानं सांगायचं : गाव, वाडी, रस्त्यावरची खूण (देवळाजवळ, पिंपळाखाली, शाळेच्या फाट्यावर), काय झालं, माणूस बोलतोय का, श्वास चालू आहे का. समोरच्यानं ठेवेपर्यंत आपण फोन ठेवायचा नाही. एक मुलगा रस्त्यावर जाऊन उभा राहायचा. आणि तुमच्या वाडीत रेंज कुठे येते, हे प्रत्येक मुलानं वहीत लिहायचं. कोणाच्या अंगणात, कुठल्या टेकाडावर. हसू नका, जीव त्यावर जातात.

छातीवर दाब देण्याचं, सीपीआरचं, तुम्ही पत्रात विचारलेलं नाही पण मुलं विचारतील, कारण त्यांनी मोबाईलवर पाहिलेलं असतं. जरूर शिकवा. नॉर्वेत १९६१ पासून शाळेत शिकवतात, आणि बारा वर्षांच्या पुढच्या मुलांना वर्षाला दोन तास सीपीआर शिकवावं, या मोहिमेला २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही पाठिंबा दिलाय. महागडा पुतळा नसला तरी चालेल. तांदळाचं अर्धं भरलेलं पोतं जमिनीवर ठेवा, छातीच्या मध्यावर खूण करा, कोपर ताठ, पाच ते सहा सेंटीमीटर खाली, मिनिटाला शंभर ते एकशेवीस. दोन मिनिटांत मुलं धापा टाकतील. म्हणून दोघांनी आळीपाळीनं करायचं. जिवंत मित्राच्या छातीवर सराव कधीही करू द्यायचा नाही. हा नियम फळ्यावर लिहून ठेवा. पाण्यात बुडालेल्याला मात्र नुसता दाब पुरत नाही, तोंडानं श्वासही द्यावा लागतो. त्यासाठी ग्रामीण रुग्णालयातल्या किंवा १०८ च्या माणसांना शाळेत बोलवा, ते येतात. बुडणाऱ्यामागे उडी घालायची नाही, बांबू किंवा दोरी फेकायची, हे सीपीआरच्याही आधी शिकवा.

फिट येणारं एखादं मूल तुमच्या शाळेत असेलच. चप्पल, कांदा, दातांत चमचा, सगळं बंद. कुशीवर वळवा, डोक्याखाली दप्तर, वेळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेलं तर गाडी. भाजल्यावर वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायचं, टूथपेस्ट आणि हळद नाही. कुत्रं चावलं तर साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं, मग त्याच दिवशी लस. चुना, तिखट काही लावायचं नाही. हे तीन एका तासात होतात.

जबाबदारीची तुमची भीती रास्त आहे, आणि तिला तोडही आहे. मुलांसाठी एक लक्ष्मणरेषा आखून द्या : आपल्या मनानं कोणाला औषध द्यायचं नाही, शेजारच्याची गोळी आपल्याला नाही, चालू असलेली बंद करायची नाही. गोळी वाचायची मात्र : नाव, ताकद, मुदत. पट्टीमागे उभी लाल रेघ असेल तर ते चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. पट्टी कापताना नाव आणि मुदत असलेला तुकडा शेवटपर्यंत राखायचा. एवढं पाळलं तर मुलांच्या हातून नुकसान होईल असं तुम्ही जवळजवळ काहीच शिकवत नाही. महामार्ग तुमच्या दाराशी आहे, म्हणून हेही सांगा : रस्त्यावर अपघातग्रस्ताला चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं, कलम १३४-अ खाली, संरक्षण आहे. नाव सांगायची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. पोलिसांच्या भीतीनं पाठ फिरवायचं कारण उरलेलं नाही.

मुलींचं. तुम्ही पुरुष आहात म्हणून मागे सरू नका, पण एकट्यानंही करू नका. शाळेतली एखादी बाई किंवा उपकेंद्राची नर्स बोलवा, आणि पाळीवर बोलताना मुलांना बाहेर काढू नका. ज्या दिवशी मुलांना बाहेर पाठवलं त्या दिवशी ती चेष्टेची गोष्ट झाली. नंतर मुलींना वेगळा अर्धा तास द्या, खासगी विचारायला. तुमचं काम निळ्या गोळीचं. दर आठवड्याला शाळेत लोहाची गोळी येते आणि बऱ्याच मुली ती खिडकीतून टाकतात, कारण मळमळतं, शी काळी होते आणि कोणी सांगितलेलं नसतं की ते होणारच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली रक्तक्षयाच्या निघाल्या. गोळी जेवणानंतर, चहाबरोबर नाही, आणि तुम्ही स्वतः वर्गासमोर एक घेऊन दाखवलीत तर फार बोलावं लागणार नाही.

मन खचलेलं मूलही याच तासाला तुमच्याकडे येईल. त्याला उपदेश करू नका. ऐका, आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर वहीच्या पहिल्या पानावर सगळ्यांकडून लिहवून घ्या, म्हणजे कोणाला वेगळा मागावा लागणार नाही.

लेखी परीक्षा घेऊ नका. बाळाचा श्वास मोजता आला का, पाणी बनवता आलं का, फोन नीट केला का, एवढंच बघा. केंद्र सरकारच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्य दूत म्हणून प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. तुमच्या शाळेतले दोघं कोण, ते मुख्याध्यापकांना विचारा. बहुधा त्यांतले एक तुम्हीच असाल आणि कागद फायलीत असेल.

राहिले पालक. त्यांच्याशी सभेत वाद घालू नका. गणपतीला सगळे चाकरमानी गावी येतात. सुट्टी लागण्याआधीच्या शनिवारी मुलांना एक घरचा अभ्यास द्या : मुंबईहून आलेल्या बाबांना आजीच्या सगळ्या गोळ्या समोर मांडून दाखवायच्या, कोणती कशाची आणि कधीची ते सांगायचं, मुदत संपलेल्या वेगळ्या काढायच्या, आणि सगळ्यांच्या देखत तिचे ठोके मोजायचे. सुट्टीनंतर किती पालक तक्रार घेऊन आले, ते मला कळवा.

— तुमची सिस्टर